सहा खोल्यांचा मालक : येरवड्यातील भाड्याच्या मिळकतींचा आढावा

पेन्शनीची नोकरी न लाभलेल्या गृहस्थाने, हयातभर साठविलेली पुंजी बँकेच्या व्याजावर सोपविण्याऐवजी राहत्या घराच्या मागल्या मोकळ्या जागेत चारसहा खोल्या बांधाव्यात, त्या भाड्याने लावाव्यात आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरबसल्या वसूल होणाऱ्या रकमेवर उत्तरायुष्य निर्धास्तपणे कंठावे, ही मनीषा इतकी जुनी व इतकी सार्वत्रिक आहे की तिचा हिशेब मांडून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. येरवड्यात ती मनीषा विटासिमेंटाच्या रूपाने जागोजाग उभी आहे. गुंजन चौकातून विमानतळाकडे जाणारा हमरस्ता सोडून नागपूर चाळीच्या बाजूच्या एखाद्या गल्लीत शिरावे, म्हणजे तळमजल्यावर मालकाचे बिऱ्हाड, कडेने जेमतेम एका माणसापुरता लोखंडी जिना, वरच्या मजल्यांवर दोन दोन तीन तीन खोल्या, गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग आणि दारावर ‘रूम भाड्याने देणे आहे’ अशी पाटी, असा ठरीव आकृतिबंध नजरेस पडतो. या आकृतिबंधाच्या धन्यास त्यातून खरोखर काय मिळते, कायद्याने त्याचे काय केले आणि बाहेरून पैसा घेऊन येणाऱ्या माणसाने या व्यवहारात उतरावे की नाही, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

मुळा-मुठेच्या पलीकडले येरवडे हे मुळात एक गाव. १८६९ मध्ये बंडगार्डनजवळचा फिट्झजेराल्ड पूल झाला, १८७१ मध्ये मध्यवर्ती कारागृह उभे राहिले, त्याच्या आगेमागे डेक्कन कॉलेज, मनोरुग्णालय व छापखाना अशा संस्था या बाजूस आल्या, आणि नदीमुळे पुण्यापासून तुटलेले हे गाव सरकारच्या सोयीचे ठिकाण झाले. सरकारने येरवड्यात ज्यांच्या निवाऱ्याची सर्वांत चोख तजवीज केली ते कैदी होते, ही गोष्ट भाडेव्यवहाराचा विचार करणाराने विसरू नये. त्यांच्यावर पहारा करणाऱ्यांपैकी काहींना सरकारी क्वार्टर्स मिळाले, आणि बाकीच्यांनी, म्हणजे हमाल, गवंडी, धोबी, झाडूवाले, टांगेवाले व त्यांच्या मागोमाग पोटासाठी आलेल्यांनी, आपले आपण पाहावे असा अलिखित दंडक पडला. १९३२ च्या पुणे करारामुळे येरवड्याचे नाव देशभर झाले खरे, परंतु तेथे भाड्याची खोली मिळेल काय, हा प्रश्न देशास पडण्याचे कारण नव्हते. तो पडला पुढच्या पिढ्यांना : १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठचे पुणे वाहून गेले आणि शहर आपल्या कडांकडे पसरू लागले तेव्हाच्या पिढीला, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात, या शतकाच्या आरंभापासून कल्याणीनगर, विमाननगर, खराडी या पट्ट्यात संगणकाच्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठल्या, तेव्हा त्या काचा पुसणाऱ्यांना, त्या दारांवर उभे राहणाऱ्यांना आणि त्यांतील कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्यांना. संगणकासमोर बसणारा माणूस सदनिका घेतो. त्याला चहा आणून देणारा खोली शोधतो. येरवड्याच्या खोल्यांना जो गिऱ्हाईक मिळतो तो बहुतांशी हा दुसरा मनुष्य होय, आणि त्याचा पगार हीच भाड्याची खरी कमाल मर्यादा होय.

ही मर्यादा किती कठोर असते हे पाहावयाचे असल्यास मुंबईच्या बीडीडी चाळींकडे पाहावे. १९२० नंतर मुंबई सरकारच्या विकास खात्याने, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून व कर्ज काढून, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या व प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या स्वस्त पैशाने आणि जमिनीची ददात नसताना बांधलेल्या या खोल्या पहिली कित्येक वर्षे मोठ्या संख्येने रिकाम्या राहिल्या. कारण बांधकामाचे व्याज सुटेल असे भाडे गिरणी कामगारास परवडेना आणि कामगारास परवडेल अशा भाड्यात व्याज सुटेना. अखेर भाडे उतरवून तूट सरकारने सोसली. खाजगी मालकास अशी तूट सोसणारा कोणी नसतो. मग त्याच मुंबईत खाजगी चाळवाल्यांनी पैसा कसा मिळविला, असे कोणी विचारील. तर एकाच खोलीत माणसे कोंबून, दुरुस्ती टाळून आणि पागडी घेऊन, असे त्याचे उत्तर आहे, आणि ते फारसे अभिमानास्पद नाही.

आता कायद्याकडे वळू. या विषयाचा गाभा तेथेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली तेव्हा तात्पुरता उपाय म्हणून निर्बंध आले, आणि तात्पुरत्या उपायांचे आपल्याकडे जे होते तेच त्यांचे झाले : १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला, त्याने प्रमाणभाड्याची खुंटी १ सप्टेंबर १९४० या तारखेस ठोकली, आणि ती खुंटी पुढील पन्नास वर्षे जवळजवळ जागची हलली नाही. मूळ हेतू निर्विवाद लोकहिताचा होता. निर्वासित व स्थलांतरित यांनी शहरे तुडुंब भरली असताना भाडेकरूस रस्त्यावर काढण्याची मुभा मालकास ठेवणे हे कोणत्याही सुसंस्कृत सरकारास शक्य नव्हते. परंतु वीस रुपये भाड्याच्या वाड्याची कौले शाकारण्यास दोनशे रुपये लागू लागले, तेव्हा मालकाने कौले शाकारणे सोडले. पुण्याच्या पेठांतील वाडे ज्यांनी टेकू दिलेल्या अवस्थेत पाहिले आहेत, आणि पावसाळ्यात त्यांतील एखादा कोसळल्याची बातमी वाचली आहे, त्यांना प्रमाणभाड्याचे अर्थशास्त्र निराळे शिकविण्याची आवश्यकता नाही.

तरीही मालकाच्या मनात जी भीती घर करून बसली ती १९४७ पेक्षा १९७३ ची आहे, असे माझे मत आहे. भाडेकरूस संरक्षण आहे हे कळल्यावर मालकांनी शक्कल लढविली : ‘भाडेकरू’ हा शब्दच टाळून ‘परवानाधारक’ ठेवावयाचा, म्हणजे मुदत संपताच त्यास निरोप देता येईल. ही शक्कल बरीच वर्षे चालली. मग १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये ताब्यात असलेला परवानाधारक हा भाडेकरूच समजावा, असा हुकूम केला, आणि एका तारखेच्या जोरावर असंख्य पाहुणे कायमचे घरचे झाले. त्या दुरुस्तीचा न्याय-अन्याय बाजूस ठेवू. तिचा परिणाम मात्र असा झाला की रिकाम्या खोलीस कुलूप हाच सर्वांत भरवशाचा भाडेकरू, हे तत्त्व एका पिढीने दुसऱ्या पिढीस वारसाहक्काने दिले. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत नोंदले आहे की देशाच्या शहरांतील घरांत भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मध्ये ५४ टक्के होता तो २०११ मध्ये २८ टक्क्यांवर उतरला. आणि त्याच पाहणीप्रमाणे रिकाम्या घरांच्या संख्येत सुमारे २० लाखांसह पहिला क्रमांक महाराष्ट्राचा. एकीकडे खोली मिळत नाही आणि दुसरीकडे घरे बंद, हा विरोधाभास कुलपाच्या त्या तत्त्वज्ञानावाचून उलगडत नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात, गोठविलेले प्रमाणभाडे हे आता अवाजवी व मनमानी झाले आहे असा स्पष्ट निर्वाळा दिला. कायद्याची मुदतच संपत आली होती म्हणून तो रद्द मात्र केला नाही. त्यानंतर आला महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण कायम ठेवून मालकास दर वर्षी ४ टक्के वाढ दिली. वाढ ऐकावयास बरी वाटते. परंतु वीस रुपयांच्या खोलीस चक्रवाढीने ती लावली तरी पंचवीस वर्षांनी भाडे पंचावन्न रुपयांच्या आसपास जाते, म्हणजे दोघांचा चहा-नाश्ताही त्यात होणे कठीण. याच कायद्याने पागडीला अधिकृत मान्यता दिली, आणि आजवर टेबलाखालून चालणारा व्यवहार टेबलावर आणला.

नव्या मालकाच्या दृष्टीने मात्र या कायद्यातील दोनच कलमे मोलाची आहेत. कलम २४ अन्वये, लेखी ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार संपल्यावर परवानाधारकाने ताबा सोडला नाही, तर मालकास दिवाणी दाव्याच्या तारखांत वर्षे न घालविता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. कलम ५५ अन्वये असा प्रत्येक करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड वा दोन्ही. आणि करार नोंदलेला नसेल तर त्यातील अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाईल. हे शेवटचे वाक्य येरवड्यातील प्रत्येक घरमालकाने भिंतीवर टांगावे. कारण तेथील व्यवहार अद्याप बव्हंशी तोंडी, किंवा फार तर स्टँपपेपरवर नोटरीचा शिक्का मारून चालतो. अनामत म्हणून दोनतीन महिन्यांचे भाडे घेतले, आधारकार्डाची झेरॉक्स घेतली, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती कळविली की काम संपले, अशी समजूत आहे. वास्तविक नोंदणीचा खर्च फार नाही : मुदतीतील एकंदर भाडे आणि अनामतीवरील दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत एक हजार रुपये नोंदणी फी. पण सात हजार भाड्याच्या खोलीस, एजंटाची मजुरी धरून, अकरा महिन्यांनी पुन्हा पुन्हा हा खर्च करणे मालकास जड वाटते. कायदा सदनिकेच्या मापाने बेतलेला आहे आणि खोलीस तो सैल होतो.

मिळकत येरवड्यात विकत घ्यावयाची म्हटले की पहिला प्रश्न भाड्याचा नसून कागदाचा असतो, आणि तो प्रश्न गल्लीगणिक बदलतो. गावठाणातील घरास मिळकतपत्रिका असते, पण तिच्यावर आजोबांच्या पश्चात सात वारसांची नावे लागलेली असतात आणि त्यांपैकी एक मुंबईस, एक परदेशी व एक कोणाशीच बोलत नाही. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जागेस १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याचा अडसर आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याचा दिलासा, असे दोन्ही वर्षानुवर्षे एकदम लागू होते. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र हाती नसेल तर खरेदीखत हे नुसते कागदाचे भेंडोळे. तिसरी, आणि येरवड्यात विस्ताराने फार मोठी, अशी जात म्हणजे झोपडपट्टी म्हणून घोषित झालेली वस्ती. तेथे १९७१ चा गलिच्छ वस्ती कायदा चालतो. भाडेकरूविरुद्ध हुकूमनाम्याची अंमलबजावणी करावयाची तर आधी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते, जमीन कोणा तिसऱ्याचीच असते, आणि जे विकले जाते ते वस्तुतः मालकी नसून वहिवाट असते. पुढेमागे पुनर्वसन योजना आली तर नवे घर प्रत्यक्ष राहणाराच्या कागदपत्रांवर ठरावयाचे. म्हणूनच तेथील मालक लाइटबिल व मिळकतकराची पावती स्वतःच्या नावाची ठेवण्यास प्राणापलीकडे जपतो आणि भाडेकरूस दोन वर्षांहून अधिक काळ एका खोलीत टिकू देत नाही. माणूस चांगला आहे, भाडे वेळेवर देतो, एवढ्याचसाठी त्याला हलवावयाचे, असा हा उफराटा न्याय आहे.

याच वस्त्यांत, जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजनेखाली, नेताजीनगर, मदर तेरेसानगर अशा काही ठिकाणी लोकांना न हलविता जागच्या जागी पक्की घरे बांधून देण्याचा प्रयोग झाला, आणि तो देशोदेशीच्या वास्तुशास्त्रज्ञांच्या कौतुकाचा विषय ठरला. सुमारे २७० चौरस फुटांचे घर, खर्च अंदाजे तीन लाख, त्यातील दहा टक्के कुटुंबाचे व बाकी केंद्र, राज्य व महापालिका यांचे. मशाल, स्पार्क व महिला मिलन या संस्थांनी घरोघर बसून नकाशे ठरविले. प्रयोग स्तुत्य होता यात शंका नाही. परंतु त्याचा सारा विचार घरमालकीच्या परिभाषेत झाला. एखाद्या घराच्या माडीवर नऊशे वा हजार रुपयांनी राहणारा कोणी तिसराच मनुष्य तेव्हा असे, त्याच्यासाठी कोष्टकात रकाना नव्हता.

आता आकडे. पुढील रक्कम केवळ हिशेबासाठी कल्पिली आहे, कोणत्याही एका मिळकतीची नव्हे. समजा, तयार सहा खोल्यांची निर्वेध मिळकत मुद्रांक शुल्कासह १ कोटी २० लाखांस पडली आणि प्रत्येक खोलीस नऊ हजार भाडे आले. वर्षाचे ६ लाख ४८ हजार. प्रत्येक खोली वर्षातून महिनाभर रिकामी अथवा थकलेली धरली (व ही उदार कल्पना आहे), म्हणजे ५४ हजार गेले. मिळकतकर, पाण्याची मोटार, जिन्यावरचा दिवा, सफाई यांस ६० हजार. गळती, रंग, तुंबलेले ड्रेनेज यांस तेवढेच. करार व दलाली २४ हजार. उरले साडेचार लाख, म्हणजे भांडवलावर पावणेचार टक्के. मुदतठेवीस याहून अधिक मिळते आणि मुदतठेवीचे ड्रेनेज तुंबत नाही. ही मिळकत जर बँकेच्या कर्जाने घेतली असेल, तर आठनऊ टक्के व्याज देऊन पावणेचार टक्के मिळविण्याचा हा उद्योग, भाषा सौम्य ठेवून सांगावयाचे तर, धाडसाचा आहे. आयकर खाते भाड्यातून तीस टक्के सरसकट वजावट देते व व्याजही वजा करू देते हे खरे. पण जुन्या करपद्धतीतही २०१७ पासून घरभाड्याचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला दोन लाखांपर्यंतच वळता करता येतो, आणि नव्या पद्धतीत मुळीच नाही.

आता हाच हिशेब, ज्याची जमीन वडिलार्जित आहे त्याच्या बाजूने मांडा. त्याचा खर्च केवळ बांधकामाचा, समजा ४५ लाख. तेच साडेचार लाख त्यास दहा टक्के होतात. शिवाय तो तळमजल्यावर राहतो. पाण्याची टाकी किती वाजता भरावयाची, तिसऱ्या खोलीतल्या पोराची नोकरी सुटली की काय, कोणाकडे चार पाहुणे येऊन महिना झाला, हे त्याला कोणी कळवावे लागत नाही. सहा बिऱ्हाडांस एकच वीजमीटर ठेवला तर एकत्रित युनिटे वरच्या टप्प्यात जाऊन दर दुप्पट होतो, म्हणून महावितरणकडे खेटे घालून प्रत्येक खोलीस वेगळा मीटर घेण्याची चिकाटी त्याच्याजवळ असते. त्याच्या लेखी श्रमाला किंमत नाही, कारण ते स्वतःचे आहेत. अमेरिकेत बॉस्टनच्या बाजूस स्थलांतरितांनी बांधलेली लाकडी तीनमजली घरे प्रसिद्ध आहेत. एका मजल्यावर मालक, दोन मजल्यांवर भाडेकरू. तेथेही घर त्यालाच फळले जो त्या घरात राहिला. येरवड्याचा लोखंडी जिना त्या घराण्यातलाच.

स्वतः राहण्याच्या या लाभात सरकारही एके ठिकाणी भर घालते : पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकास करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत देते, जी मध्यंतरी काढून घेतली गेली व २०२३ मध्ये परत मिळाली, भाड्याने दिलेल्या भागास ती नाही. वरचा मजला परवानगीवाचून चढविला असेल तर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागून एकंदर बोजा तिप्पटही होऊ शकतो, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. गल्लीतील किती मजल्यांस मंजूर नकाशा आहे, हा प्रश्न विचारणे तेथे शिष्टसंमत नाही; विकत घेणाराने तो विचारावाच.

एक अप्रिय गोष्ट राहिली. खोली दाखविण्यापूर्वी मालक गाव विचारतो, मग आडनाव, मग खाणे. आणि या तीन प्रश्नांत जात, धर्म व कुळी यांची पुरेपूर चौकशी होऊन जाते. ज्या कारागृहात १९३२ साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावर प्राणांतिक उपोषण झाले व पुणे करार घडला, त्याच्या हाकेच्या अंतरावर ही चौकशी आजही बिनदिक्कत चालते. तिला व्यवहाराचे नाव दिले जाते, परंतु व्यवहारही त्यात नाही : भाडे बुडविणाऱ्यांचे एखादे विशिष्ट आडनाव असते, असे आजवर कोणत्याही मालकाच्या वहीतून सिद्ध झालेले नाही, आणि नकारामुळे रिकामा राहिलेला महिना मात्र त्याच वहीत ठळक दिसतो.

मग कोथरूड वा बाणेरला राहून, दलालामार्फत येरवड्यात सहा खोल्या घेऊ इच्छिणारा गृहस्थ नेमके काय विकत घेतो? भाडे नव्हे. २०२४ मध्ये मेट्रोचे स्थानक दाराशी आले, विमानतळ जवळ, नगर रस्ता जवळ; उद्या कोणी विकासक पाचदहा मिळकती एकत्र करील आणि जमिनीचा भाव चौपट देईल, ही आशा तो विकत घेतो, आणि तोवरच्या खर्चास भाड्याचा टेकू लावतो. आशा वावगी नाही. येरवड्याच्या बाजूस कित्येकांची ती फळली आहे. परंतु त्याने ती आशेच्याच खात्यावर लिहावी, आणि थांबण्याचा काळ आपल्या हाती नाही हे जाणून कर्ज काढू नये. शेजारची मिळकत वारसांच्या वादात अडकली असेल तर विकासक पंधरा वर्षे येत नाही. तोवर खोल्यांना तडे जातात.

आणि तळमजल्यावरच्या मालकाचेही सारे हयातीपुरतेच असते. त्याच्या वहीत महिनावार भाडे, मीटरचे आकडे, कोणाची अनामत किती, हे सारे त्याच्या अक्षरात, त्याला समजेल अशा खुणांनी लिहिलेले असते. तेराव्या दिवसानंतर तीन मुले ती वही उघडतात. थोरल्याला खोल्या ठेवावयाच्या असतात, मधल्याला त्याच्या सदनिकेचे हप्ते फेडावयाचे असतात, धाकट्याला वाटणी हवी असते, आणि सहा खोल्यांस तीन समान भाग पडत असले तरी एका जिन्यास व एका टाकीस पडत नाहीत. मग फेरफाराचा अर्ज होतो, वकील येतो, आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पुढल्या महिन्याचे भाडे कोणाच्या हातात द्यावे हे विचारण्यास जिना उतरून खाली येतो.